शेपूट नसलेल्या उंडोची चवथ: अस्नोड्याच्या पुढच्या मांजरघराचा अनुभव

आमच्या घरी चवथ (गणेश चतुर्थी) म्हणजे पर्वरीच्या फ्लॅटला कुलूप आणि पाच दिवस पेडण्याचं मूळ घर. त्यात पर्याय नाही, कोणाला तो नकोही आहे. प्रश्न उरतो तो उंडोचा.

उंडो हा आमचा बोका. जात मँक्स. मुलगी सहा वर्षं लिव्हरपूलच्या एका इस्पितळात नर्स होती, तिथल्या सहकारी मुलीचं माहेर आयल ऑफ मॅन बेटावर. त्या घरातून हे पिल्लू तिच्याकडे आलं आणि 2022 मध्ये ती कायमची परतली तेव्हा तिच्यासोबत मुंबईमार्गे गोव्यात. दोन वर्षांहून जास्त परदेशात राहून परत येणाऱ्याला तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोनच पाळीव प्राणी सोबत आणता येत होते, मायक्रोचिप, रेबीजची लस, आरोग्याचा दाखला, विमानतळावरच्या संगरोध कार्यालयाचं ना-हरकत पत्र, हे सगळं तिने केलं. नाव मात्र इथलं. तो पाठ करून बसला की मागची बाजू अगदी पदेराने, म्हणजे पाववाल्याने, आत्ताच आणून ठेवलेल्या उंडो पावासारखी दिसते, गोल, फुगीर, वर तांबूस. पहिल्याच सकाळी नातवाने ते नाव ठेवलं.

2023 च्या चवथीला आम्ही त्याला पेडण्याला नेलं होतं. ती चूक होती. मँक्सचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात आणि मांड्या भक्कम. शेपूट नाही म्हणून तोल जाईल असं लोकांना वाटतं, पण तो जमिनीवरून फळीवर, फळीवरून कपाटावर आणि कपाटावरून थेट माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीवर गेला. आंबाडे, कांगलं, सुपारीचा घोस, सगळं खाली. फटाके सुरू झाल्यावर पलंगाखाली शिरला तो दीड दिवस बाहेर आला नाही, आणि त्या दीड दिवसात लघवीलाही गेला नाही. मी 31 वर्षं बांबोळीच्या गोमेकॉमध्ये (गोवा मेडिकल कॉलेजात) नर्स म्हणून नोकरी केली. लघवी अडलेल्या रोग्याची मला जी भीती वाटायची तीच त्या रात्री वाटली.

2024 ला एका मांजर-कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. कोणतं ते लिहीत नाही. एकावर एक पिंजरे, शेजारी भुंकणारे कुत्रे, आणि उचलायची पद्धत म्हणजे पुढच्या दोन पायांखाली हात घालून लोंबकळत न्यायचं. परत आला तेव्हा चार दिवस शौचाला झालं नव्हतं, पोट दगडासारखं. डॉक्टरांनी भूल देऊन एनिमा दिला. त्यानंतर मी ठरवलं की उंडोला जिथे ठेवायचं तिथल्या माणसाला आधी त्याची पाठ समजावून सांगायची, आणि ज्याला ऐकायचं नसेल तिथे ठेवायचं नाही.

मग 2025 च्या चवथीला मुलीच्या ओळखीतून ही जागा कळली. अस्नोड्याच्या पुढे डिचोलीच्या वाटेवर, कौलारू घर, मागे माडांची रांग. घराच्या मागच्या कोठाराच्या चार खोल्या करून एक वहिनी फक्त मांजरं ठेवून घेतात. एका वेळी चार, जास्त नाहीत. नाव-पत्ता इथे घालू नका असं त्यांनीच सांगितलं, चवथीला चारच्या जागी चाळीस फोन येतात म्हणून. मी त्यांचा शब्द पाळते आहे. ही जागा कशी आहे हे मात्र सविस्तर लिहिते, कारण शेपूट नसलेलं किंवा आखूड शेपटीचं मांजर कुठेही ठेवताना काय बघायचं ते यातून कळेल.

आधी त्या जातीबद्दल थोडं, कारण ते माहीत नसेल तर पुढचं पटणार नाही.

रस्त्यावर, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, सगळीकडे एकच प्रश्न येतो: शेपूट कोणी कापली? कोणी कापली नाही. आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं बेट, 572 चौरस किलोमीटर, आपल्या गोव्याच्या साधारण सहावा हिस्सा. एवढ्या छोट्या जागेतल्या मांजरांत शेपूट खुंटवणारं जनुक पिढ्यानुपिढ्या फिरत राहिलं. बेटावरच्या लोकांना त्याचा अभिमान आहे, 1988 साली त्यांनी या मांजराचं चित्र असलेलं क्राउन नाणं काढलं. मुलीने त्यातलं एक मला आणून दिलंय, आणि जो कोणी कापल्याचा आरोप करतो त्याला मी ते दाखवते.

पण अभिमानाच्या गोष्टीमागे एक दुखरी गोष्ट आहे. हे जनुक आई किंवा बाप एकाकडून आलं तर पिल्लू बिनशेपटीचं किंवा आखूड शेपटीचं होतं. दोघांकडून आलं तर ते गर्भातच मरतं. म्हणून जाणकार माणूस बिनशेपटीची मादी बिनशेपटीच्या बोक्याला लावत नाही. आणि एकाच वेतात पूर्ण गुळगुळीत रम्पी, नुसता उंचवटा असलेले राइजर, अर्धवट शेपटीचे स्टम्पी आणि जवळजवळ पूर्ण शेपटीचे लाँगी असे सगळे जन्मू शकतात. आमचा उंडो राइजर. पाठीवरून हात फिरवत खाली गेलं की शेवटी चिकूच्या बीएवढा कूर्चेचा उंचवटा बोटाला लागतो. तो खुशीत असला की तो उंचवटा वर येतो. आमच्यासाठी तीच त्याची शेपूट.

हेच जनुक पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकात ढवळाढवळ करतं. कधी मणके कमी, कधी वाकडे, कधी मज्जारज्जू उघडा. वॉर्डात मी स्पायना बायफिडाची, म्हणजे जन्मतःच मणका पूर्ण न मिटलेली बाळं सांभाळली आहेत, त्यांच्या आयांना कॅथेटर (लघवीची नळी) घालायला शिकवलं आहे. मँक्समध्ये घडतं ते याच प्रकारचं, आणि त्याला मँक्स सिंड्रोम म्हणतात: लघवी-शौचावर ताबा नसणं, मागच्या पायांत ताकद नसणं, बद्धकोष्ठ. जबर त्रास असेल तर तो बहुधा पहिल्या चार-सहा महिन्यांतच दिसतो. म्हणून कोणी तुम्हाला दीड महिन्याचं बिनशेपटीचं पिल्लू देत असेल तर घेऊ नका. चार महिने पूर्ण होऊ द्या, त्याला चालताना, पळताना, शौचाला बसताना बघा, मग ठरवा. पळताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलून सशासारखी उडी मारणं मँक्समध्ये सर्रास दिसतं. पाय ओढत चालणं मात्र कधीच चालवून घेऊ नका. आणखी एक, दारात किंवा स्कूटरच्या चाकाखाली शेपूट गेलेलं मांजर मँक्स होत नाही. मँक्स बघायचं तर गोल डोकं, आखूड कमानदार पाठ, पुढच्यापेक्षा उंच मागची बाजू.

उंडोचा लघवी-शौचावर ताबा चांगला आहे, पाय मजबूत आहेत. पण आतडं सुस्त. त्याला रोज बघावं लागतं.

मी वहिनींकडे चवथीच्या दहा दिवस आधी गेले, एकटी. सोबत दोन पानांचा हस्ताक्षरातला कागद. ड्यूटी बदलताना आम्ही पुढच्या सिस्टरला जसं सांगायचो तसं सगळं लिहिलं होतं: कसं उचलायचं, किती खातो, औषध कोणतं, कशाला घाबरतो, केव्हा फोन करायचा. पूर्वीच्या ठिकाणी असा कागद टेबलावरच्या काचेखाली गेला आणि तिथेच राहिला. वहिनींनी चष्मा लावला, सोप्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग म्हणाल्या, "सिस्टर, हे उचलायचं मला करून दाखवा. वाचून कळत नाही." त्यांची स्वतःची गावठी मांजरी त्यांनी पुढे केली आणि मी दाखवलं. एक हात छातीखाली, दुसरा हात मागच्या बाजूखाली पूर्ण, जणू बाळाचं बूड. मणका सरळ. शेपटीच्या जागेवर दाब नाही, थोपटणं नाही. त्यांनी तीनदा करून बघितलं. तिथेच माझं मन ठरलं.

खोली साधारण सहा फूट बाय आठ. जमीन जुन्या लाल सिमेंटची, घोटून गुळगुळीत झालेली पण पाय सरकत नाही अशी. खिडकीला बारीक जाळी, खिडकीपाशी रुंद फळी, तिथून माड दिसतात आणि खार दिसते. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं लपायला. शौचाच्या ट्रेत मातीच्या जागी लाकडाच्या भुश्शाच्या दाबलेल्या गोळ्या, ट्रेची पुढची कड खाली कापलेली. पाणी दोन ठिकाणी, ट्रेपासून लांब. उंडोला पाणी आवडतं, तो पंजाने ढवळून पितो, म्हणून एक पसरट भांडं मीच दिलं होतं.

2025 ला दर रोज 500 रुपये होता, औषध द्यायचं असेल तर वर 50. जेवण आपलं आपण द्यायचं, किंवा त्या उकडलेली कोंबडी देतात. मासळी देऊ का असं त्यांनी विचारलं, गोव्यातलं मांजर आणि मासळी नको म्हणणं त्यांना पटेना. बांगड्याचा काटा काढून शिजवलेला तुकडा चालतो, कच्चा नको, काट्यासकट तर नकोच, आणि दूध अजिबात नको हे मी सांगितलं. उंडोला दूध दिलं की पातळ होतं आणि मग मागचे केस चिकटतात. शेपूट नसल्यामुळे तिथे आडोसा नाही, सगळं लगेच केसांना लागतं. कोमट पाण्यात कापड भिजवून पुसायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. पूर्ण कोरडं हा शब्द मी कागदावर दोनदा अधोरेखित केला होता. मँक्सच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ दाट, वरचा लांब चकचकीत. लिव्हरपूलच्या थंडीत ती रजई आहे, पण आपल्या भाद्रपदाच्या दमट हवेत आतला थर ओला राहिला की बुरशी धरायला वेळ लागत नाही. आमच्या पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या मांडीवर चवलीएवढा (जुन्या दोन आण्यांच्या नाण्याएवढा) गोल डाग पडला होता. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा धातूची फणी, आधी केसांच्या दिशेने, मग मुळाशी बोट लावून बघायचं.

आता त्या कागदाविषयी, कारण या जागेचं मोल मला तिथे कळलं.

वहिनींनी खोलीच्या दाराला दोऱ्याने वही बांधली होती. परत आले तेव्हा पाचही दिवसांची पानं भरलेली होती. एक पान जसंच्या तसं उतरवते:

"बुधवार. सकाळी 7. लघवी एक. शी नाही. अर्धी वाटी खाल्लं. दुपारी 1. फळीवर झोपला. संध्याकाळी 6. लघवी एक. शी नाही. फटाके वाजले, खोक्यात गेला, अर्ध्या तासाने बाहेर. रात्री 9. दोरीमागे पळाला. पोट मऊ."

"पोट मऊ" हे दोन शब्द मी त्यांना शिकवले नव्हते. कागदात मी फक्त लिहिलं होतं की पोटाला हात लावून बघा. मऊ की कडक हे त्यांनी स्वतः लिहिलं.

गुरुवारीही शी नाही. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला, आमच्याकडे आरती चालू होती, मी आंगणात जाऊन घेतला. "सिस्टर, आज तिसरा दिवस. पोट कालच्यापेक्षा घट्ट वाटतं, पण खातो आहे." कागदावर लिहिलं होतं की 48 तास झाले की फोन. त्या वेळेवर होत्या. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं लॅक्टुलोजचं (शौच सैल करणाऱ्या औषधाचं) प्रमाण मी आधीच सिरिंजमध्ये खूण करून दिलं होतं, ते द्यायला सांगितलं. उकडलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर जेवणात, आणि जेवणातच पाणी जास्त. आणि त्याला पळवा म्हटलं. मँक्सला पळवणं सोपं असतं, कारण त्यांच्यात कुत्र्यासारखी एक सवय असते: फेकलेली वस्तू परत आणून देतात. आमच्याकडे जुन्या साडीच्या चिंधीचा गाठ मारलेला चेंडू आहे, तो त्याच्या सामानात होता. वहिनींना मी हे सांगायला विसरले होते आणि त्यांनी ते स्वतःच शोधलं. त्यांनी चेंडू बाजूला टाकला, तो घेऊन उंडो त्यांच्या पायाशी येऊन बसला आणि घशातल्या घशात तो त्याचा घुर्र-घुर्र प्रश्नार्थक आवाज काढला. शुक्रवारी त्यांनी पाऊण तास चेंडू फेकला. वहीत आहे: "चेंडू 40 वेळा. दमला. मीही."

शनिवारी सकाळी 6 वाजून 20 मिनिटांनी त्यांचा मेसेज आला: "झाली. भरपूर." मूळ घराच्या सोप्यावर मी एकटीच होते, चहा पीत होते. डोळे भरून आले.

आता ज्या गोष्टी जमल्या नाहीत त्या.

गुरुवारी त्यांचा भाचा मदतीला आला होता आणि त्याने उंडोला पुढच्या पायांखाली धरून उचललं. उंडो किंचाळला. हे मला वहिनींनी स्वतः सांगितलं, नेतानाच, मी विचारण्याआधी. पाय बघितले, चाल बघितली, शौचावर काही परिणाम नव्हता. राग आला, पण ज्या घरात चूक झाल्यावर ती सांगितली जाते त्या घरात मी माझं जनावर पुन्हा ठेवेन. भाच्याला त्यांनी त्या दिवसापासून खोलीत सोडलं नाही. तरी माझं म्हणणं असं की ज्या दिवशी दुसरा कोणी हात लावणार असेल त्या दिवशी तो कागद त्यालाही वाचायला द्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट वीज. बुधवारी रात्री पावसात वीज गेली ती तीन तास. इन्व्हर्टर नाही. दोन थरांच्या केसांचं मांजर बंद खोलीत तीन तास पंख्याविना म्हणजे काळजीचं. त्यांनी खिडकी उघडी ठेवून ओलं कापड जमिनीवर पसरलं, त्यावर तो झोपला, हे वहीत आहे. पण 500 रुपये रोज घेताना इन्व्हर्टर हवाच. मी त्यांना सांगितलं, त्यांनीही मान्य केलं.

तिसरी, खेळायची मोठी खोली. तिथे नवीन चकचकीत टाइल्स घातल्या आहेत. उंडोचे मागचे पाय उडीनंतर घसरतात, आणि ज्याच्या कमरेचा भाग आधीच नाजूक आहे त्याने घसरून चालत नाही. त्यांनी गोणपाट टाकून दिलं, ते चालून गेलं. मँक्स, जपानी बॉबटेल, कोणतंही आखूड शेपटीचं मांजर ठेवणार असाल तर आधी सांगून ठेवा.

एक गोष्ट मला त्यांच्याकडून शिकायला मिळाली. मांजरं एकमेकांशी शेपटीने बोलतात. उभी शेपूट म्हणजे नमस्कार, फुगलेली म्हणजे दूर राहा. उंडोकडे तो शब्दच नाही. वहिनींच्या लक्षात आलं की समोरच्या खोलीतली पांढरी मांजरी जाळीतून इतर सगळ्यांना बघून गप्प राहते, उंडोला बघून मात्र फिस्कारते. त्यांचं म्हणणं: "हा काय म्हणतो ते तिला कळत नाही." म्हणून त्यांनी त्याला खेळायच्या खोलीत एकटंच सोडलं, आणि दोघांच्या मधल्या जाळीवर चादर टाकली. तीन वर्षं मी हा बोका सांभाळते, इतर मांजरांना तो का आवडत नाही हे मला असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

घ्यायला गेले तेव्हा तो फळीवर पाठ करून बसला होता. मी नाव घेतलं. वळला नाही, पण तो चिकूच्या बीएवढा उंचवटा वर आला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनाही दिसलं. "बघा, शेपूट हलवली," त्या म्हणाल्या.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा इन्व्हर्टरचा. ज्यांना अशी जागा शोधायची आहे त्यांनी आपापल्या भागात विचारताना एवढंच बघावं: उचलायला शिकतात का, लघवी-शौचाची नोंद रोज लिहितात का, आणि जवळचा पशुवैद्य किती मिनिटांवर आहे. इथे तो डिचोलीत आहे, वीस मिनिटांवर. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे आणि कुत्र्यांसाठीचं गोचिडीचं औषध मांजराला लावायचं नाही, हेही आपल्या कागदावर लिहून द्या. सांभाळणारं माणूस कितीही प्रेमळ असलं तरी त्याला हे माहीत असेलच असं धरू नका.

2026 ची चवथ 14 सप्टेंबरला आहे. वहिनींनी माझं नाव वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलंय, आणि माझ्या त्या दोन पानांची झेरॉक्स काढून दारामागे लावली आहे, उंडोचं नाव खोडून नाही, तसंच ठेवून.